पोकळीतली फरशी

१

मुंगीला पगार मिळायचा तो भिंतींना धडका मारण्याचा. नोकरी लागली तेव्हा हे ऐकून तिच्या बाबांनी कपाळाला हात लावला होता.

"एवढं शिकवलं ते भिंतीवर डोकं आपटायला?"

"माझं नाही हो बाबा, खेळातल्या माणसाचं!"

कॉम्प्युटरवरचा तो खेळ अवाढव्य होता. जंगलं, डोंगर, राक्षस, त्रेचाळीस गावं, आणि खेळणाऱ्याला कुठेही भटकायची मुभा. आता मुभा दिली की माणूस नेमका जिथे जाऊ नये तिथेच जातो, आणि तिथेच काहीतरी बिघडलेलं सापडतं. लोकांना सापडण्याआधी ते मुंगीने शोधायचं. प्रत्येक भिंतीला अंग घासत चालायचं, प्रत्येक विहिरीत उडी टाकायची, दिसेल त्याला एक तडाखा देऊन बघायचा. मुंगी शिरणार नाही अशा फटीतून ती शिरते, म्हणून कचेरीत तिचं नाव मुंगी. जन्माचं नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं.

अशा बिघाडाला म्हणायचं बग. आणि काय एकेक बग! एका गावचा लोहार रोज संध्याकाळी खुर्चीशिवाय हवेत बसून जेवायचा आणि चमचा इमानेइतबारे कानात घालायचा. राजाचा घोडा उभ्या कड्यावर पालीसारखा चढायचा. एक म्हातारी तर, तुम्ही तिला नमस्कार केलात की सरळ ढगात जायची आणि तिथून भाजीचे भाव ओरडून सांगायची. अशा दिवशी मुंगी खुर्चीतल्या खुर्चीत उड्या मारायची. पण त्रासही तसाच. एकदा एक विहीर गायला लागली होती. मुंगीने शपथेवर सांगितलं, तीन दिवस विहिरीकाठी बसून राहिली, पण विहीर पुन्हा गायली म्हणून नाही. जे परत घडत नाही तो बग नव्हे, भास. ती विहीर अजून तिच्या मनात सलत होती.

कारण इथला नियम कडक. बग सापडला की तो घडवायच्या पायऱ्या लिहायच्या, पहिली, दुसरी, तिसरी, अशा. मग निदान तिघांनी तीन मशीनवर नुसतं वाचून तो घडवून दाखवायचा. त्या वेळी लिहिणाऱ्याने खोलीत थांबायचं नाही आणि तोंड उघडायचं नाही. त्याने एक शब्द जरी सुचवला तरी बग बाद. हा नियम आजोबांचा. आजोबा म्हणजे पंचेचाळिशीचा माणूस, पण खोलीत सगळ्यात जुना आणि नियमांच्या बाबतीत सोवळ्यातला.

या आजोबांच्याच टेबलामागे लाडोबांची भिंत होती. जे बग इतके गोड की दुरुस्त करायला कुणाचा हात धजणार नाही, त्यांची चित्रं तिथे लागायची, आणि ते बग खेळात तसेच राहायचे. लोहार तिथे होता, घोडा होता, म्हातारी होती. मुंगीचा मात्र एकही नव्हता. खेळ बाहेर पडायला नऊ दिवस राहिले होते आणि तिला एक लाडोबा हवा होता.

घरची काळजी एकच. मागच्या आठवड्यात बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा आधीपासूनच अंधुक. वाकायचं नाही, धक्का लागू द्यायचा नाही, पडून राहायचं. दुपारी शेजारच्या मावशी ताट आणून देत. बाकी वेळ बाबा आपल्या खोलीत, कानांच्या भरवशावर. आई गेल्यापासून घरात ही दोघंच होती.

२

मंगळवारी दुपारी तीनला ते घडलं.

खेळात नदीकाठी एक पाणचक्की होती. तिच्या मागच्या भिंतीपलीकडे काही नव्हतंच. खेळ बनवणाऱ्यांनी जिथे काही बनवलेलं नसतं त्याला सगळे पोकळी म्हणायचे. राखाडी, तळ नसलेली. त्यात पडलात की मशीन बंद करेपर्यंत पडतच राहायचं.

मुंगीने आपल्या माणसाच्या एका हातात सगळ्यात जड कुऱ्हाड दिली, दुसऱ्या हातात कंदील. भिंतीला टेकलेल्या बाकावर त्याला बसवलं आणि उठता उठता उडी मारायला लावली. जड वस्तू हातात असली की असा माणूस कधीकधी भिंतीतून आरपार ढकलला जातो. गेलाच!

ती हसत पडायची वाट बघत राहिली, पण माणूस पडला नाही.

पडद्यावर अंधार होता. कंदिलाचा पिवळा ठिपका तेवढा दिसत होता, आणि तो उजेड कशावरच पडत नव्हता. मुंगीने पुढे जायचं बटण दाबलं. टप, टप. पावलं वाजली! पोकळीत जमीन नाही, मग वाजणार कशावर? या खेळात गवतावर वेगळा आवाज, खडीवर वेगळा, लाकडावर वेगळा. हा त्यातला कुठलाच नव्हता. साध्या घरातल्या फरशीवर बूट घालून चालावं तसा होता.

टप, टप, टप. आणि सहाव्या पावलाला, डब्ब.

ती थांबली. एक पाऊल मागे घेतलं, परत पुढे टाकलं. डब्ब. जणू फरशी खालून सुटली होती. पुन्हा करून बघणार तोच मशीन गोठलं.

"सापडला!" मुंगी इतक्या जोरात किंचाळली की पलीकडच्याचा चहा सांडला.

३

खेळातले आवाज भरणाऱ्या माणसाला सगळे भोंगा म्हणत, कारण त्याच्या तोंडाशी कान लावल्याशिवाय तो ऐकू येत नसे. मुंगीने त्याला गाठलं.

"सुटलेल्या फरशीचा आवाज कुठे वापरलायस रे?"

"असा आवाजच नाही आपल्याकडे," भोंगा पुटपुटला. "मला कळलं नसतं का?"

"अरे, मी कानाने ऐकला!"

"मग मागच्या वर्षीचा असेल. सगळ्यांकडून घरातले आवाज फोनवर मागवले होते. ढीगभर आले, वापरले नाहीत."

झालं, कोडं सुटलं. कुणाच्या तरी घरची फरशी आत राहून गेली असणार. मुंगी संध्याकाळी शीळ घालतच घरी आली. दार उघडलं, चपला काढल्या आणि घरातल्या अरुंद बोळातून आत निघाली. सहाव्या पावलाला पायाखालची फरशी वाजली.

डब्ब.

ती फरशी तीन वर्षं सुटलेली होती. गवंड्याला बोलवायचं म्हणून दोघांनी किती वेळा ठरवलं होतं, आणि तिचा आवाज इतका सवयीचा झाला होता की कानावर पडूनही ऐकू येत नसे. आज ऐकू आला. मुंगी तिथेच उभी राहिली आणि मग मोठ्याने हसली. म्हणजे मागच्या वर्षी हा आवाज आपणच पाठवलेला! पाठवल्याचं नीटसं आठवत नव्हतं, पण पाठवला असणारच. दुसरं काय असणार?

"आलीस?" आतून बाबांची हाक आली. "दुपारी कशाला आली होतीस गं? हाक मारली तर ओ नाही, काही नाही."

"मी कुठे आले बाबा? मी तर कचेरीत होते."

"फरशी वाजली ना. दोनदा. तीनच्या सुमाराला. मला वाटलं, काही विसरलीस म्हणून आलीस."

"वरचे असतील हो. त्यांच्याकडे सामान हलवतायत."

"वरच्यांची फरशी आपल्या बोळात वाजते होय?" बाबा म्हणाले, पण हसले. "असेल बाई. दिवसभर पडून पडून माझे कानच वाजायला लागलेत."

मुंगीने गरम चहा करून त्यांच्या हातात दिला. रात्री तिला झोप आली नाही, पण भीतीने नव्हे. उद्या तो बग परत घडला पाहिजे, विहिरीसारखा पळून जाता कामा नये, एवढंच डोक्यात घोळत होतं.

४

बुधवारी सकाळी अकराला तो परत घडला. पहिल्याच खेपेला! मुंगीला आनंदाने नाचावंसं वाटलं.

या वेळी मशीन गोठलं नाही. टप, टप, टप, टप, टप, डब्ब. ती पुढे गेली. सात, आठ, नऊ, दहा, अकरा. अकराव्या पावलाला काहीतरी आडवं आलं. डावीकडे वळली तर तिथेही काही आडवं आलं, पण याचा स्पर्श वेगळा. खेळातला माणूस भिंतीला लागला की त्याचा खांदा दबतो, दाराला लागला की तो हात पुढे करतो. माणसाने हात पुढे केला.

पोकळीत दार! हे कुणी बनवलं? ही तर बग नव्हे, खाण लागली होती.

आणि मग तिला आवाज आला. दाराच्या पलीकडून, लांबून, पाण्याखालून आल्यासारखा. माणसाचा. शब्द कळत नव्हते, नुसता चढउतार होता. सात-आठ अक्षरं वर जायची आणि शेवटचं खाली लोंबायचं. मुंगीच्या अंगावर काटा आला आणि त्याच वेळी हसूही फुटलं. गाणारी विहीर गेली तर गेली, बोलणारं दार मिळालं.

मग तिने सवयीने करायचं तेच केलं. दिसेल त्याला एक तडाखा. कुऱ्हाड वर गेली, खाली आली, आणि लाकडात रुतल्याचा दणका झाला. आवाज बंद पडला.

तिने घाईघाईने पायऱ्या लिहायला घेतल्या. आयुष्यात इतक्या सुबक लिहिल्या नव्हत्या. लहान पोराने वाचल्या तरी चुकू नये अशा. जड कुऱ्हाड घ्यावी. कंदील घ्यावा. पाणचक्कीत जावं. बाकावर बसावं. उठता उठता उडी मारावी. सरळ अकरा पावलं चालावं. डावीकडे वळावं. दारापाशी थांबून कान द्यावा. आणि नववी पायरी, समोर जे असेल त्यावर पूर्ण ताकदीने एक वार करावा.

आजोबांनी कागद वाचला आणि चष्मा कपाळावर सरकवला. "मुंगे, हे खरं निघालं तर भिंतीवर मधोमध लावीन. तिघं कशाला, आठही मशीन लावतो. जेवणं झाली की, तीन वाजता."

"मी कोपऱ्यात गप्प उभी राहते ना."

"नियम म्हणजे नियम. चालती हो! घरी जा, बाबांचं बघ. झालं की मीच फोन करतो."

५

मुंगी जवळजवळ धावतच घरी आली. तीनला दहा मिनिटं कमी होती. बोळात शिरताना मौज म्हणून तिने पावलं मोजली. सहाव्याला डब्ब. अकराव्याला समोर स्वयंपाकघराची भिंत. डावीकडे बाबांच्या खोलीचं दार.

मौज तिथे संपली.

दार अर्धवट उघडं, वाकडं लोंबत होतं. कमरेच्या उंचीवर त्याला एक उभी खाच पडली होती, चार बोटं खोल. आतलं कोरं, पिवळं लाकूड दिसत होतं आणि जमिनीवर छिलके पडले होते. वरची बिजागरी चौकटीतून निघाली होती. तिने दार लावून बघितलं. ते जागचं हललं नाही.

"बाबा, या दाराला काय झालं?"

"मला काय दिसतंय? मावशींनीही ताट देताना हेच विचारलं. सकाळी काहीतरी दाणकन पडलं बघ. अकराला. रेडिओवर बातम्या लागल्या होत्या." बाबा पलंगावर उशीला टेकून बसले होते, पट्टीवर हात ठेवून. "त्याआधी तू आलीस. म्हणजे मला वाटलं तू आलीस. फरशी वाजली, पावलं दारापाशी येऊन थांबली. मी म्हटलं, बाळ, पाणी देतेस का गं?"

"काय म्हणालात?"

"बाळ, पाणी देतेस का गं."

शेवटचं अक्षर खाली लोंबलं. मुंगीने तो चढउतार चार तासांपूर्वी कान देऊन ऐकला होता आणि हसली होती.

तिच्या डोक्याने अजूनही हार मानली नव्हती. ते भराभर कारणं काढत होतं. दाराला वाळवी लागली असेल. चोर आला असेल. मावशींच्या हातून काही पडलं असेल. एकदा घडलं तर योगायोग, दोनदा घडलं तरी योगायोगच, असं ती स्वतःला समजावत होती, आणि कुणीतरी तिच्या आतूनच आजोबांच्या सुरात म्हणत होतं की परत घडतो तो बग, भास नव्हे.

तिने घड्याळाकडे पाहिलं. तीनला एक मिनिट कमी होतं. दोन मैलांवर एका खोलीत आठ हुशार माणसं तिने लिहिलेलं अक्षर न् अक्षर वाचत होती.

६

आजोबांनी पहिल्याच घंटीला फोन उचलला.

"आजोबा, थांब—"

"ए! ए! एक शब्द नाही!" आजोबा लहान मुलासारखे खिदळले. "बाद होईल ना गं! तू बोलायचं नाहीस, मी बोलतो. तू फक्त ऐक. आठही जण भिंतीतून गेले, पहिल्या दणक्यात! असं मी वीस वर्षांत बघितलं नाही. चालले बघ."

बोळात, बाहेरच्या दाराच्या बाजूने, टप वाजलं.

मुंगीने मान वळवली. बोळ दुपारच्या उजेडात रिकामा होता. चपला होत्या, छत्री होती, भिंतीवर आईचा फोटो होता. कुणी नव्हतं. टप, टप. आणि सहाव्या पावलाला ती सुटलेली फरशी एका कोपऱ्यात खाली गेली, आणि परत वर आली.

डब्ब.

मग पुन्हा. डब्ब. पुन्हा. तिने मोजलं नाही, तरी मोजले गेले. आठ.

भिंतीवर, कमरेच्या उंचीवर, पिवळ्या उजेडाचा एक ठिपका डुलत होता. कंदील नव्हता, नुसता उजेड होता. तो लुकलुकत होता, आणि दर चौथ्या वेळी किंचित अडखळत होता. खेळातल्या कंदिलाचा हा अडखळणारा उजेड मुंगीने आठ महिन्यांपूर्वी शोधला होता. तीन वेळा लिहून दिला होता. कुणाच्या लक्षात येणार आहे, म्हणून तीनदा परत आला होता. आता त्याच्यामागे दुसरा ठिपका होता, मग तिसरा. सगळे एकाच तालात अडखळत, आईच्या फोटोवरून सरकत पुढे येत होते.

"बाळ," मागून बाबा म्हणाले, "इतकी माणसं कुणाला घेऊन आलीस गं?"

खोलीला दुसरं दार नव्हतं. हे दार लागत नव्हतं. बाबांना उठवून न्यायचं तर याच बोळातून न्यावं लागलं असतं. मुंगी उंबऱ्यावर उभी राहिली आणि दोन्ही हात चौकटीला लावले. अंग चोरून बाजूला व्हायला जागा होती. ती तिने पाहिली आणि तिकडे गेली नाही. फोन मुठीतच होता. ती जिवाच्या आकांताने ओरडली.

"आजोबा, थांबवा त्यांना! वार करू नका! इथे माझे बाबा आहेत!"

फोनमध्ये आजोबांचा श्वास ऐकू आला.

"आईशप्पथ," ते हळूच म्हणाले. "आत कुणीतरी ओरडतंय. लांबून. बाईमाणूस आहे." आणि मग त्यांच्या आवाजात ओळख पटल्याचा आनंद उसळला. "अगं, हा तुझाच आवाज! फोनमध्येही तूच आणि दारामागेही तूच! लबाडे, म्हणजे ही सगळी तुझी करामत! पोकळीत खोली बांधलीस आणि त्यात बसून ओरडतेयस!"

मागे आठ जणांचा हशा पिकला. कुणीतरी टाळी दिली. भोंगासुद्धा तिथे असावा, कारण कुणीतरी अगदी बारीक आवाजात वाहवा म्हणालं.

"नाही! आजोबा, ऐका, मी काही बांधलं नाही, मी घरी—"

"गप! बोललीस तर बाद! आणि हा बाद होऊन चालणार नाही. लाडोबांच्या भिंतीवर जाणार हा, मधोमध, शब्द आहे माझा."

आठ पिवळे ठिपके तिच्या पोटावर येऊन थांबले. तिच्या सदऱ्यावर ते एकाच वेळी लुकलुकले, लुकलुकले, लुकलुकले, अडखळले. कुणीही हललं नाही. सगळे कान देत होते, आठव्या पायरीत तिने लिहिलं होतं तसेच.

"बाळ?" बाबा म्हणाले. पलंग करकरला. ते उठत होते.

"चला मंडळी," फोनमधून आजोबांचा आवाज आला, आनंदाने नुसता ओथंबलेला. "आता नववी. सगळ्यांनी एकदम हं, कुणी घाई करायची नाही. मी तीन म्हटलं की."

बोळातल्या रिकाम्या हवेत काहीतरी जड, एकाच वेळी, आठ ठिकाणी वर उचललं गेल्याचा वारा तिच्या चेहऱ्याला लागला.

आजोबा मोजायला लागले.